चल ना, ग्राउंडला!

पोलीस भरतीची जाहिरात निघणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी मराठवाड्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांबाहेरचे रस्ते पहाटे पाचला जागे होतात. अंधारात चार-चार, सहा-सहा जणांची टोळकी पळत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय सगळ्यांनाच शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे एकूण गुण 50, त्यांतले 20 या लांबच्या धावण्याला. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत आलं की मुलाला वीसपैकी वीस. हे आकडे बारावीतल्या पोरांना रसायनशास्त्राच्या सूत्रांपेक्षा चोख पाठ असतात. अर्ज भरायला वय 18 लागतं, पण तयारी सोळाव्या-सतराव्या वर्षीच सुरू झालेली असते.

या टोळक्यांतला जवळजवळ कुणीच एकट्यानं सुरुवात केलेला नसतो. साडेचारला मिस्ड कॉल देणारा एक जण असतो. फोन उचलला नाही तर दारात येऊन हाक मारणारा दुसरा असतो. मागच्या भरतीत दोन गुणांनी गेलेला आणि म्हणून आता सगळ्यांचं टायमिंग वहीत लिहून ठेवणारा एखादा मोठा भाऊ असतो. एखाद्याला थंडीत उठायचा कंटाळा येतो, पण ‘काल का नाही आलास?’ या प्रश्नाला उत्तर देण्याचा कंटाळा त्याहून मोठा असतो. म्हणून तो उठतो. घरातूनही कुणी अडवत नाही, कारण या पळण्याच्या टोकाला सरकारी नोकरी आहे.

किशोरवयीन मुलांच्या तब्येतीचा विषय निघाला की आपण त्यांच्या आळसाबद्दल बोलतो, मोबाइलबद्दल बोलतो, ‘आमच्या वेळी’बद्दल तर हमखास बोलतो. पण तेरा ते एकोणीस या वयात शरीर किती हलणार, हे त्या मुलाच्या निश्चयावर फार थोडं अवलंबून असतं. वेळ, पैसा, ताट आणि परवानगी या चार गोष्टी घराच्या हातात असतात. हाक मित्रांच्या हातात असते. घरानं सोडलं आणि हाक आलीच नाही, तर मूल पलंगावर लोळत पडतं. हाक आली आणि घरानं सोडलं नाही, तर ते खिडकीत उभं राहतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करायला हवी आणि आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू-हाडं बळकट होतील असा जोरकस व्यायामही व्हायला हवा. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात 146 देशांतल्या सुमारे 16 लाख शाळकरी मुलांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार 11 ते 17 वयोगटातली जगभरातली 81 टक्के मुलं एवढीही हालचाल करत नाहीत. एवढा मोठा आकडा आळसातून येत नाही. मुलांच्या दिवसाची रचनाच तशी झालेली असते.

संगत लागते, दोन्ही बाजूंनी

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे धावपटू अविनाश साबळेचं गाव. शाळा सहा किलोमीटरवर आणि वाहनाची सोय नाही, त्यामुळे चालत-पळत जाणं हाच रोजचा प्रवास. त्याच्या यशाची गोष्ट सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात. दुष्काळी गाव, कष्टकरी आई-वडील, शाळेपर्यंतची पायपीट आणि मग पदक. पण शाळेला पळत जाणारी मुलं त्या भागात शेकड्यांनी असतात. बारावीनंतर अविनाश लष्करात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या आणि 2015 मध्ये लष्करांतर्गत क्रॉस कंट्रीत तो उतरला तो बरोबरच्या जवानांनी आग्रह धरला म्हणून. पुढे 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य आणि पुढच्याच वर्षी हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पायांत ताकद गावाच्या रस्त्यानं भरली असेल, पण स्पर्धेच्या रेषेवर त्याला उभं केलं ते सोबत्यांनी.

मित्रांचा असा परिणाम खरंच होतो की सारखे लोक आपोआप एकत्र येतात, हा संशोधकांमधला जुना वाद आहे. 2007 मध्ये अमेरिकेतल्या निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी फ्रेमिंगहॅम या गावातल्या बारा हजारांहून अधिक प्रौढांची 32 वर्षांची माहिती तपासली आणि सांगितलं की मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढते. बातमी जगभर गाजली. वर्षभरानं दुसऱ्या दोन अभ्यासकांनी साधारण तीच पद्धत अमेरिकी किशोरवयीनांच्या माहितीला लावून पाहिली. त्या हिशेबानं मुरुमं, डोकेदुखी आणि चक्क उंचीसुद्धा मित्रांमध्ये ‘पसरताना’ दिसली! उंच मित्राच्या संगतीनं कुणी उंच होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे आकड्यांत दिसणारी प्रत्येक जोडी संगतीचाच परिणाम असते असं नाही.

यावर उत्तर हवं तर मित्र निवडण्याची मुभाच काढून घ्यायला हवी. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत हे आपसूक घडतं. तिथे नव्या विद्यार्थ्यांना साधारण तीस-तीसच्या तुकड्यांमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून देतात आणि त्यांचं राहणं-खाणं-कवायत सगळं त्या तुकडीबरोबरच असतं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तुकडीतल्या सोबत्यांची शाळेतली तंदुरुस्ती विद्यार्थ्याच्या अकादमीतल्या तंदुरुस्तीवर खरोखर परिणाम करते. त्यातही सर्वांत जास्त ओढ होती ती सर्वांत कमी तंदुरुस्त सोबत्यांची, आणि ती खालच्या दिशेनं.

आपल्याकडे अकादमी नसली तरी हे घडताना रोज दिसतं. चार जणांच्या कट्ट्यावर एकानं ‘आज राहू दे रे’ म्हटलं की उरलेले तिघं सुटकेचा श्वास टाकतात. संध्याकाळी सहाला मैदानावर जाणारा गट आणि त्याच वेळी वडापावच्या गाडीशेजारी मोबाइलवर खेळत बसणारा गट, यांतल्या मुलांच्या स्वभावात फार फरक नसतो. पहिल्या दिवशी कुणी कुठे बोलावलं एवढाच फरक असतो. दुसऱ्या बाजूनंही पुरावा आहे. मित्र सोबत असताना मुलं एकटी असतानापेक्षा जास्त जोमानं हालचाल करतात, आणि वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये हा फरक अधिक ठळक दिसतो. ज्या मुलाला आपण ‘रोज अर्धा तास एकटा चालून ये’ असं सांगतो, नेमकी त्यालाच सोबतीची सर्वांत जास्त गरज असते.

तालीम नावाचं दुसरं घर

घर आणि मित्र या दोन्हींची मोट जिथे पूर्वीपासून बांधलेली आहे, अशी जागा म्हणजे कोल्हापूर. तिथली तालीम नुसती कुस्तीची जागा नाही. शहरातल्या फुटबॉल संघांची नावं पाहा: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. पेठेत जन्मलेल्या मुलाला संघ निवडावा लागत नाही, तो आजोबांकडून मिळालेलाच असतो. शाहू स्टेडियमवर सामना असला की गल्लीतली तीन पिढ्यांची माणसं एकाच बाजूला बसलेली दिसतात. अशा गल्लीत पोरानं संध्याकाळी चेंडू घेऊन बाहेर पडणं ही कौतुकाची गोष्ट नसते. त्यानं न पडणं हीच चौकशीची गोष्ट होते.

कुस्तीत घराचा वाटा आणखी उघड दिसतो, कारण तिथे खुराक लागतो. दूध, तूप, बदाम यांचा खर्च मध्यम शेतकरी कुटुंबालाही जड जातो. एका पोराला पैलवान करायचं म्हणजे बाकीच्या घरानं आपल्या ताटातलं थोडं कमी करायचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे पैलवान वडिलांचे सर्वांत धाकटे चिरंजीव. वडील दादासाहेबांनी त्यांना लहानपणीच मातीत उतरवलं. पण 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं ठरलं तेव्हा एकट्या घराची ऐपत पुरणारी नव्हती. गावानं वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं ते वडील, गाव आणि शिक्षक या तिघांनी भार वाटून घेतला म्हणून.

अलीकडचं उदाहरण साताऱ्याच्या अदिती स्वामीचं. शेरेवाडी हे मूळ गाव, वडील शिक्षक. मुलीला खेळाच्या सोयी मिळाव्यात म्हणून त्यांनी बिऱ्हाड साताऱ्यात हलवलं. तिथे ती धनुर्विद्येकडे वळली आणि 2023 मध्ये बर्लिनला, वयाच्या 17व्या वर्षी, कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. वडील स्वतः धनुर्धर नव्हते. त्यांनी केलं ते एवढंच की मुलीचं घर आणि मैदान यांच्यातलं अंतर कमी केलं.

अभ्यासांचा सूरही असाच आहे. ‘आई-बाप व्यायाम करतात म्हणून मुलं करतात’ ही समजूत सर्वत्र आहे, पण तिचा पुरावा संमिश्र आहे. काही अभ्यासांत असा संबंध दिसतो, काहींत नाही. त्या मानानं पालकांच्या पाठबळाचा, म्हणजे फी भरणं, बूट घेऊन देणं, मैदानावर पोचवणं, सामना पाहायला जाणं याचा मुलांच्या हालचालीशी असलेला संबंध जास्त सातत्यानं दिसतो. रोज सकाळी बागेत पाच फेऱ्या मारून येणारे आणि पोराला सहा ते नऊ क्लासला बसवणारे वडील आदर्श असतील, उपयोगाचे नाहीत. उलट आयुष्यात कधी न धावलेली, पण ‘साडेसहापर्यंत खेळून ये, मग जेवायला बसू’ म्हणणारी आई जास्त मोलाची.

घरात राबणारी, मैदानावर न दिसणारी

इथवर बहुतेक मुलांबद्दल बोललो. मुलींकडे वळलं की घराच्या परवानगीचं वजन कळतं. त्याच ‘लॅन्सेट’च्या अभ्यासात जगभरातल्या 78 टक्के मुलग्यांची आणि 85 टक्के मुलींची हालचाल अपुरी आढळली. भारत आणि बांगलादेशातल्या मुलींचं प्रमाण मात्र तुलनेनं बरं दिसलं. आनंद वाटण्याआधी त्यामागचं कारण पाहावं. अभ्यासकांच्या मते या मुलींवर घरकामाचा भार जास्त असल्यानं हा फरक पडत असावा. झाडणं, भांडी, पाणी भरणं, धाकट्याला कडेवर घेऊन फिरणं हे सगळं हालचालीत मोजलं जातं. म्हणजे आपल्या पोरी आकड्यांत चपळ दिसतात त्या राबतात म्हणून!

राबण्यानं शरीर दमतं, पण खेळानं मिळतं ते मिळत नाही. उडी, झेप, वेग, अंगाचा अंदाज आणि बरोबरीच्या मुलींशी चढाओढ, हे भांड्यांच्या ढिगात कुठून येणार? त्यात ताटाचा प्रश्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण 31 टक्के होतं. रक्त कमी असेल तर दोन फेऱ्यांत धाप लागते. मग ‘हिला खेळाची आवडच नाही’ असा शेरा बसतो आणि तो शेरा पुढे खरा ठरतो. पाळी सुरू झाली की ‘आता मोठी झालीस’, मैदानावर स्वच्छतागृह नाही, संध्याकाळी रस्त्यावर दिवे नाहीत, भावाचा सामना आहे म्हणून हिनं स्वयंपाकाला हातभार लावायचा. एकेक कारण छोटं असतं, पण दिवसातला खेळाचा तास कापायला ती सगळी मिळून पुरेशी असतात.

या सगळ्याला वळसा घालून महाराष्ट्रातल्या मुली ज्या एका खेळात पिढ्यान्‌पिढ्या पुढे आल्या, तो म्हणजे खो-खो. कारणं व्यवहाराची आहेत. 27 बाय 16 मीटरची सपाट जागा, दोन खांब, बाकी साहित्य शून्य. खेळाची घडणच अशी की एकटीला तो खेळता येत नाही. आठ जणी पाळीनं उलटसुलट तोंडं करून बसलेल्या, नववी पाठलागावर. तिला मागे वळता येत नाही, म्हणून दिशा बदलायची तर बसलेल्या मैत्रिणीला खो द्यावाच लागतो. एखादी मुलगी आली नाही तर सरावच अडतो, मग मैत्रिणी तिच्या घरी जाऊन ‘काकू, सोडा ना हिला’ म्हणतात. आईला एका मुलीला नाही म्हणणं सोपं असतं. दारात उभ्या असलेल्या सात जणींना नाही म्हणणं अवघड जातं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे.

धाराशिवच्या सारिका काळेची गोष्ट घर आणि खेळ यांच्या नात्याबद्दल बरंच सांगून जाते. नात्यातल्या, स्वतः खेळलेल्या माणसानं तिला तेराव्या वर्षी मैदानावर नेलं. घरची परिस्थिती इतकी बेताची की सुमारे दहा वर्षं एका वेळच्या जेवणावर खेळल्याचं तिनं 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्यावर सांगितलं होतं. आधार होता आजी-आजोबांच्या कमाईचा. 2016 मध्ये घरच्या आर्थिक ओढाताणीनं खचून तिनं खेळ सोडायचं ठरवलं आणि खोलीत कोंडून घेतलं. ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्यापर्यंत पोचवली ती आजीनं. समजूत काढल्यावर ती मैदानावर परतली. त्याच 2016 मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार होती. आजीला खो-खोचे नियम किती ठाऊक असतील, कोण जाणे. पण नात अडली की कुणाला हाक मारायची, हे तिला ठाऊक होतं.

‘जाड्या, तू गोलकीपर हो’

मित्रांची हाक मैदानावर नेते, तशी त्यांची थट्टा मैदानावरून घालवतेही. प्रत्येक वर्गात एक ‘जाड्या’ असतो, एक ‘काडी पैलवान’ असतो, उंच मुलीला ‘खांब’ म्हणणारं कुणीतरी असतं. संघ निवडताना शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं. काही महिन्यांनी ते पीटीच्या तासाला पोटात दुखतं म्हणून वर्गात बसू लागतं. घरात याची भरपाई व्हायला हवी, पण घरंही कमी नसतात. लग्नाच्या पंगतीत ‘बास की आता, किती खाशील’ म्हणणारी मावशी, फोटो पाहून हसणारा भाऊ, ‘अशानं कोण करणार हिला’ म्हणणारी आत्या. सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात किशोरवयीन मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवणारा एक मोठा अभ्यास आहे. वजनावरून ज्यांची थट्टा झाली होती, त्यांच्यात 15 वर्षांनंतर लठ्ठपणाचं प्रमाण जास्त आढळलं, आणि स्त्रियांच्या बाबतीत घरच्या माणसांनी केलेल्या थट्टेचा परिणामही तितक्या वर्षांनी दिसत होता. टोमण्यानं वजन उतरत नाही, उलट शरीर लपवायची सवय लागते. सैल शर्ट, बंद दार, आणि सगळे झोपल्यावर फ्रिजकडे जाणं.

दुसऱ्या टोकाला सोळाव्या वर्षी दंड फुगवण्याच्या मागे लागलेली मुलं आहेत. जिममध्ये तीही मित्रांमुळेच जातात. तिथवर ठीक. पण त्याच मित्राकडून प्रोटीन पावडरचा डबा येतो, मग आणखी कसलीशी गोळी येते, आणि तिसऱ्या महिन्यात रीलमधल्यासारखं पोट का दिसत नाही याची खंत. घरात जेवणाच्या ताटावर मोकळेपणानं बोलणं होत असेल तर हा डबा आई-वडिलांना दिसतो. नसेल तर तो दप्तरातच राहतो.

जूनमध्ये रिकामी होणारी मैदानं

महाराष्ट्रातल्या मुलांच्या तंदुरुस्तीचा सर्वांत मोठा शत्रू शोधायचा तर मोबाइलआधी दहावीच्या वर्षाचं नाव घ्यावं लागेल. जून उजाडला की मैदानावरचे चेहरे कमी होतात. सकाळी क्लास, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास, रविवारी सराव परीक्षा. ‘एकच वर्ष’ असं म्हणत खेळ बंद होतो. पुढे अकरावी-बारावी येते, नीट-जेईई येते, आणि एका वर्षाची तीन होतात. पालकांना वाटतं, नंतर पुन्हा सुरू करेल. पण या तीन वर्षांत सवयीबरोबर टोळीही मोडते. एक जण लातूरला, एक पुण्याला, एकाचा क्लास पहाटेचा तर दुसऱ्याचा रात्रीचा. अठराव्या वर्षी मुलाला पुन्हा मैदानावर जावंसं वाटलं, तरी हाक मारायला कुणी उरलेलं नसतं.

खरं तर दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडा सवलतीचे गुणही आहेत. पण पालकांना त्यांतही गुणच दिसतात, खेळ दिसत नाही. आणि शाळांचं काय? पीटीचा तास गणिताला देणं ही आपल्याकडे मेहनती शिक्षकाची खूण मानली जाते.

पुष्कळ गोष्टी सरकारनं करायच्या आहेत: मैदानं राखणं, दिवे, स्वच्छतागृहं, शाळांना क्रीडाशिक्षक. त्यांची वाट पाहत असतानाही काही गोष्टी घर आणि गल्लीच्या हातात उरतात. दहावीतही रोजचा एक तास वेळापत्रकात क्लासइतकाच पक्का धरायचा. तो एक तास चार घरांनी मिळून एकाच वेळी धरला तर टोळी टिकते, वेगवेगळा धरला तर टिकत नाही. भाऊ खेळायला जात असेल तर बहिणीचीही वेळ ठरवायची आणि भांडी दोघांत वाटायची. सोसायटीच्या किंवा मंडळाच्या पटांगणावर आठवड्यातले ठरावीक दिवस मुलींचे म्हणून जाहीर करायचे, म्हणजे प्रत्येक मुलीला स्वतंत्र परवानगी मागावी लागत नाही. वजनावर घरात बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर आज खेळात काय झालं यावर बोलायचं.

पालकसभेत आपण मुलाचे गुण विचारतो, वर्तणूक विचारतो. घरी एक प्रश्न आणखी विचारायला हवा: तुझ्याबरोबर ग्राउंडला कोण येतं? दोन-तीन नावं झटकन आली तर फार काळजीचं कारण नाही. त्या पोरांना अधूनमधून घरी जेवायला बोलवावं, त्यांच्या आई-वडिलांचे फोन नंबर घेऊन ठेवावेत. ‘कुणीच नाही’ असं उत्तर आलं, तर या दिवाळीत नवे बूट घेण्याआधी शेजारच्या घराची बेल वाजवावी आणि सरळ म्हणावं, तुमच्याही पोराला उद्यापासून सहाला सोडा, दोघं मिळून जातील.